फायनलचे तांदूळ

फायनलच्या दिवशी तांदूळ गोळा करायची पद्धत आमच्या गावच्या चर्चमध्ये फादरांनी पाडली. आधीचे फादर म्हातारे होते, त्यांच्या मते जगातलं सगळं वाटोळं टीव्हीनं केलं. हे नवीन आले ते वसईकडचे, चाळिशीचे, सकाळच्या मिस्सेची प्रार्थना झाली की पोरांबरोबर मैदानात स्टंपामागे उभे राहणारे. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं, की मोठी मॅच असली की रविवारी संध्याकाळी अर्धी बाकं रिकामी असतात. दुसरा कोणी असता तर वेदीवरून ओरडला असता. यांनी काय केलं, तर पुढच्या फायनलला चर्चच्या मैदानात भाड्यानं मोठा पडदा आणला आणि जाहीर केलं, सगळ्यांनी या, कुठल्याही धर्माचे या, तिकीट म्हणून एक किलो तांदूळ नाहीतर डाळ आणा.

नुसतं तेवढ्यावर थांबतील तर ते फादर कसले. गेटजवळ दोन निळे ड्रम ठेवले, बोटीवर पिण्याच्या पाण्यासाठी असतात तसले, कोरे. एकावर खडूनं लिहिलं, आपण जिंकणार. दुसऱ्यावर लिहिलं, आपण हरणार. ज्याला जे वाटतं त्या ड्रममध्ये त्यानं आपले तांदूळ टाकायचे. म्हाताऱ्यांनी लगेच नाकं मुरडली. देवाच्या दारात जुगार, म्हणे. फादर म्हणाले, जुगारात जिंकणारा सगळं घरी घेऊन जातो, इथले दोन्ही ड्रम चेण्याच्या आदिवासी पाड्यांवर जाणार आहेत, तुमच्या घरी काही येणार नाही. म्हाताऱ्या गप्प झाल्या आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी मैदानात चादरी टाकून जागा धरून बसल्या.

अर्थात पहिल्या वर्षी झालं काय, तर जिंकणारचा ड्रम वरपर्यंत भरला आणि हरणारच्या ड्रममध्ये एक दाणा नाही. कोण टाकणार? सगळ्यांच्या समोर, आपल्या टीमविरुद्ध? तेव्हा माझा भाऊ उठला. हातात तांदळाची पिशवी घेऊन गेला आणि सरळ हरणारच्या ड्रममध्ये ओतून मोकळा झाला. मैदानभर बोंब झाली. गद्दार म्हणाले, बोटीवरून उतरवा याला म्हणाले. तो हसत होता. "अरे, त्यात पन कोनी टाकलं पायजे ना," म्हणाला. "चेण्याची मानसं भात शिजवतील तवा तांदलाला इचारनार हायत काय, तू कंच्या ड्रमातला?"

त्यानंतर दर वेळी तो हरणारच्या ड्रममध्येच टाकायचा. आपण मॅच जिंकलो तरी आणि हरलो तरी. त्याचं बघून आणखी दोन-चार जण टाकायला लागले. नाहीतर क्रिकेटचं वेड त्याच्याइतकं आमच्या घरात कोणाला नव्हतं. समुद्रावर असला की मोबाईलला रेंज नसायची, तेव्हा किनाऱ्याजवळ आल्यावर पहिला फोन बायकोला आणि दुसरा मला, मला कशासाठी, तर स्कोअर विचारायला. "बाय, किती झाले?" जेवलीस का, बरी आहेस का, काही नाही. मी रागवायची. आता तो फोन यावा म्हणून मी काय वाट्टेल ते करीन.

मी थोरली. आमची आई पहाटे मासळीची पाटी घेऊन भाईंदरच्या बाजाराला जायची आणि हा माझ्या कडेवर. शाळेतही माझ्याबरोबर, बाईंनी त्याला खडू देऊन कोपऱ्यात बसवलेलं. त्याचे दात आले तेव्हा त्यानं मला चावून चावून हात लाल केला होता. पुढे माझं लग्न झालं, नवऱ्याची नोकरी ऑफिसातली, आम्ही सिल्व्हर पार्कात फ्लॅट घेतला. तिथं समोरची बाई आजही मला विचारते, आप क्रिश्चन हो तो फिर घर में मराठी कैसे? मी तिला दर वेळी नवीन उत्तर देते. पण महिन्यातून दोनदा तरी भाईंदर स्टेशनवरून बस धरायची, डोंगरीवरून पुढे उत्तनच्या बाजूला आमच्या गावात उतरायचं आणि उतरल्या उतरल्या माझ्या तोंडात गावची भाषा यायची. भावाचं घर म्हणजे माझं माहेर. त्याला मूलबाळ नव्हतं. तो आणि माझी भावजय, दोघंच.

त्या वर्षी सप्टेंबरात, मासेमारी सुरू होऊन थोडेच आठवडे झाले होते. हवा बिघडणार असा मेसेज आला तोवर त्यांची बोट लांब गेली होती. बोट उलटली. तिघं जण जाळ्याच्या फ्लोटला धरून तरंगत राहिले, त्यांना गुजरातच्या एका बोटीनं वर काढलं. माझा भाऊ आणि शेजारच्या गल्लीतला एक तरुण खलाशी, हे दोघं सापडले नाहीत. वाचलेल्यांपैकी एकानं सांगितलं, लाट आली तेव्हा तुझा भाऊ इंजिनजवळ होता. त्याच्या पुढचं सांगणाऱ्याला काही आठवत नव्हतं. हेलिकॉप्टर फिरलं, गावच्या सगळ्या बोटी गेल्या, दिवसामागून दिवस शोधलं. मग एकेक बोट आपल्या धंद्याला लागली. पोट कुणाला सुटलंय, मी कुणाला दोष देत नाही.

मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कसं ते विचारू नका. मी सिल्व्हर पार्कात गॅससमोर उभी होते, दूध वर आलं, ओटाभर सांडलं, आणि मला कळलं की तो गेला. मला त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा हवी होती. सिमेट्रीत आईच्या कबरीशेजारी क्रूस हवा होता, जिथं जाऊन मी बसेन. मला रडायचं होतं, पण सगळ्यांच्या समोर, रीतीनं, माझ्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवून म्हणावं, बाय, तुझा भाव लई चांगला होता. एवढंच हवं होतं.

माझी भावजय म्हणाली, नाही.

तशी ती बोलायला कमी. उंचीनं लहान, चालायला भरभर. बोटी आल्या की ती बंदरावर जायची आणि प्रत्येक बोटीवाल्याला विचारायची, काय समजलं? तो मान हलवायचा. मग ती पदर खोचून मासळी निवडायला बसायची. तिचं म्हणणं साधं होतं. बॉडी मिळाली? न्हाय. मंग मेला कशावरून? गुजरातच्या बोटींना समुद्रात पलीकडच्या देशाचे लोक पकडून नेतात, खलाशी तिकडच्या तुरुंगात वर्षंच्या वर्षं असतात, घरच्यांना पत्ता नसतो आणि एक दिवस येऊन दारात उभे राहतात. असं झालंय, खोटं नाही. तिनं टीव्हीवर त्यांना बघितलं होतं, दाढ्या वाढलेल्या, पायात चप्पल नाही. त्याच्यावर ती जगत होती.

रविवारच्या मिस्सेत लोकांसाठी प्रार्थना होतात, त्यात आमच्याकडे एक प्रार्थना समुद्रावर गेलेल्यांसाठी असते. तिच्या सांगण्यावरून फादर त्यात माझ्या भावाचं नाव घ्यायचे. दर रविवारी. तो सुखरूप परत यावा म्हणून. आणि त्याच्यानंतर लगेच मृतांसाठी प्रार्थना असते, त्यात दुसऱ्या त्या तरुण खलाशाचं नाव, कारण त्याच्या आईनं सत्य मान्य केलं होतं, मिस्सा केली होती, सिमेट्रीत क्रूस लावला होता. एकाच बोटीचे दोघं. एक इकडे, एक तिकडे. मी बाकावर बसून ऐकायची आणि माझं डोकं फिरायचं.

नोव्हेंबर आमच्याकडे मृतांचा महिना. ज्यानं त्यानं आपल्या गेलेल्या माणसांची नावं द्यायची आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होतात. मी फादरांकडे गेले, म्हटलं, माझ्या भावाचं नाव घ्या. फादर म्हणाले, त्याची बायको नको म्हणते. मी म्हटलं, मी त्याची बहीण आहे, मी त्याला वाढवलंय, नवरा तिचा असेल पण पोर माझं होतं. मी फटकळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, पण फादरांशी असं कधी बोलले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "तिच्या मर्जीशिवाय मी तिच्या नवऱ्याला मृत म्हणणार नाही. तुमचं दुःख मला दिसतं." दिसून काय उपयोग. मी त्यांना नमस्कारही न करता निघून आले.

मग भावजयीशी भांडले. तिच्या दारातच. मी म्हटलं, तू सगळ्यांना फसवतेयस, स्वतःला फसवतेयस, त्याच्या आत्म्याला शांती मिळू देत नाहीस. ती म्हणाली, "बाय, तुना चाय ठेवू काय?" दुसरं काही नाही. मी चहा न घेता बस धरली.

मृतांच्या दिवशी सगळं गाव सिमेट्रीत. प्रत्येक कबर धुतलेली, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. मी आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली. पर्समध्ये दुसरी आणली होती, भावासाठी. पण लावायची कुठे? आईच्या कबरीवर लावली असती तरी चाललं असतं. पण भावजय दोन कबरी सोडून तिच्या वडलांच्या कबरीपाशी उभी होती आणि मला धीर झाला नाही. ती मेणबत्ती मी परत सिल्व्हर पार्कात आणली.

त्याच महिन्यात फायनल आली. आपली टीम एकही मॅच न हरता फायनलला पोहोचलेली, सगळीकडे निळे टी-शर्ट, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननंही निळी टोपी घातलेली. फादरांनी मिस्सेच्या शेवटी जाहीर केलं, या वेळचे तांदूळ चेण्याला नंतर, आधी आपल्या बोटीच्या दोन घरांना. इतकी वर्षं आपण बाहेर दिलं, या वर्षी आपल्यातल्याच दोन चुली आहेत. लोकांनी माना हलवल्या, बायकांनी डोळे पुसले. चांगलीच गोष्ट होती, वाईट कोण म्हणेल. भावजय त्या दिवशी मिस्सेला नव्हती, तिला ताप होता. फादर म्हणाले, मी तिला घरी जाऊन सांगतो. पण पडदा, जनरेटर, खुर्च्या, पोलीस परवानगी, या गडबडीत ते जायचे राहिले.

आणि चर्चच्या तरुण मंडळींनी एक फ्लेक्स करायला दिला. भाईंदरला स्टेशनजवळच्या दुकानात. दोघांचे फोटो मोबाईलवरून पाठवले आणि मजकूर सांगितला, आपल्या दर्याच्या भावांच्या घरांसाठी एक किलो तांदूळ. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात रोज असे फोटो येत असणार. दोन पुरुषांचे फोटो, चर्चचं काम, मजकूर असा. त्यानं आपल्या सवयीनं दोन्ही फोटोंना गोल चौकट घातली, खाली जळत्या मेणबत्त्यांचं चित्र टाकलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्स आला तो मॅचच्या दिवशी सकाळी. मुलांनी गेटला बांधून टाकला. बघणाऱ्या कितीतरी माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की यात काही चुकलंय. येणार कसं. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मी नवऱ्याबरोबर पोहोचले तेव्हा टॉस व्हायचा होता. गेटवर माझ्या भावाचा हसरा चेहरा. तो फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, कोट घातलेला, केस चोपून बसवलेले. मी वर वाचलं. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दोन महिने मी एकटीच ते मनात म्हणत होते, आज कुणीतरी भर रस्त्यात लिहिलं होतं.  नवरा हात धरून म्हणाला, "चल, आत बसू." मी म्हटलं, थांब जरा, बघू दे.

आणि तेवढ्यात ती आली.

ताप उतरला होता पण चेहरा ओढलेला. हातात स्टीलचा डबा. तिनं मला बघितलं आणि माझ्याजवळ आली, भांडण झालंच नव्हतं अशी. डबा दाखवून म्हणाली, "तांदूल आनलंय. त्यो आल्यावर पयलं तेच इचारंल, माझं तांदूल टाकलंस काय म्हनून. काय सांगू मंग?" मी तिला काही बोलणार, तिचं लक्ष वर जाऊ नये म्हणून तिला आत ओढणार, तोवर तिनं मान वर केली.

तिला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावून वाचते. आत टॉस झाला असावा, मोठा गलका उठला. ती वाचतच होती. फादर हातात माईक घेऊन गेटकडे येत होते, लोकांना आत बसायला सांगत. ती त्यांना म्हणाली, "फादर, यो कोन मेलाय?"

फादरांनी वर बघितलं. मला वाटतं, तो फ्लेक्स त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वाचला. त्यांच्या तोंडचा रंग उडाला.  त्यांनी माईक खाली ठेवला, एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, झगा वर धरून त्यावर चढले आणि स्वतःच्या हातांनी दोऱ्या सोडायला लागले. गाठी घट्ट मारलेल्या. कोणीतरी कात्री आणून दिली. फ्लेक्स एका बाजूनं सुटला आणि माझ्या भावाचा चेहरा दुमडून खाली लोंबला. मला ते बघवेना. मला वाटलं ओरडावं, राहू द्या ना तो, कशाला काढताय. मी ओरडले नाही.

भावजय ड्रमांपाशी गेली. जिंकणारचा ड्रम त्या दिवशी भरून वाहत होता, बाजूला पोती लावली होती. हरणारच्या ड्रमचा तळ दिसत होता. तिनं डबा उघडून त्यात तांदूळ ओतले, डबा उलटा करून बुडावर थाप मारली, शेवटचे दाणे पाडले. मग आत जाऊन बायकांमध्ये बसली आणि मॅच बघायला लागली. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

ती मॅच आपण हरलो. सांगायला नको, सगळ्यांना आठवतं. हळूहळू मैदान गप्प होत गेलं. आधी ढोल बंद झाला, मग शिट्ट्या, मग नुसता पडद्यावरचा आवाज. शेवटचा फटका गेला तेव्हा आमच्या मैदानात माणसं रडायला लागली. चांगली दांडगी माणसं, बोटीवर दोरखंड ओढणारी, तोंडावर रुमाल धरून. पोरीबाळी गळ्यात पडून. माझ्या पुढच्या खुर्चीतला माणूस गुडघ्यांवर डोकं टेकवून हुंदके देत होता आणि त्याची बायको त्याची पाठ चोळत होती. मला इतका संताप आला. एका मॅचसाठी. बॅट आणि चेंडूसाठी हे सगळं गाव असं उघड्यावर रडतंय, एकमेकांना धरून रडतंय, कोणी कुणाला अडवत नाही, आणि मला माझ्या भावासाठी रडायची परवानगी नाही.

आणि मग मला रडू आलं. डोळ्यात पाणी वगैरे नाही, पोटातून. दोन महिन्यांचं साठलेलं. मी तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर येत होता. कोणी वळून बघितलं नाही. बघतील कशाला, सगळेच रडत होते. शेजारी एक म्हातारी होती, मला लहानपणापासून ओळखणारी. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे गो बाय, पुढच्या टायमाला जिंकू." मी तिचा हात घट्ट धरला आणि आणखी रडले. दोन महिने मला तो हात हवा होता. कशासाठी का ठेवलेला असेना.

डोळे पुसले तेव्हा बघते तर माणसांच्या पलीकडून भावजय माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे कोरडे. सबंध मैदानात तेवढी ती एकटीच रडत नव्हती.

दोन दिवसांनी फादर तिच्या घरी तांदळाचं पोतं घेऊन गेले आणि तिची माफी मागितली. तिनं त्यांना बसवलं, सरबत दिलं, माफ केलं, पण पोतं दाराच्या आत घेऊ दिलं नाही. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी अन्न आणून देतात, ही आमची रीत. तिनं सांगितलं, "फादर, तुमी मायेनं आनलंय, मना समजतंय. पन बघनाऱ्याला काय दिसंल? माझी चूल पेटती हाय." पोतं चेण्याला गेलं. मला हे कळलं तेव्हा मी परत भडकले. घरात काही नाही आणि ताठा बघा, असं नवऱ्याला म्हटलं. नवरा म्हणाला, तू तिला भेट. मी म्हटलं, मेले तरी जाणार नाही. पुढच्या शनिवारी गेले.

ती किनाऱ्यावर बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. माझे हात ते विसरले नव्हते. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि जोड्या करायला लागले. बराच वेळ आम्ही दोघी तेच करत होतो.

मग ती म्हणाली, "त्या दिशी तू मॅचसाठी न्हाय रडलीस."

"न्हाय," मी म्हटलं.

"सगली रडत होती म्हनून रडलीस. कोनाला समजू नये म्हनून."

"हो."

तिनं हातातली जोडी बांबूवर टाकली. "बाय, तुना खरंच वाटतं त्यो गेला?"

भांडताना हे मी तिला कितीदा सुनावलं होतं. पण असं विचारल्यावर सांगणं फार कठीण होतं. माझ्या हातात अर्धी जोडी होती. मी म्हटलं, "हो गो. मना वाटतं त्यो गेला."

ती रडेल असं वाटलं. ओरडेल असंही वाटलं. तिनं पाटीतला पुढचा बोंबील उचलला. "मंग तुझा भाव गेला," ती म्हणाली. "तू त्याची मिस्सा कर. नाव दे. लपून रडू नको, मना ते बघवलं न्हाय. पन माझा दादला गेला न्हाय. त्याला मी जिता ठेवनार. मी तुना रडू नको म्हननार न्हाय, तू मना रड म्हनू नको."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हात मासळीनं भरले होते, म्हणून नुसतीच उभी राहिले. नंतर तिच्या घरी जाऊन चहा प्यायले.

आम्ही दोघी मिळून फादरांकडे गेलो. मी मागच्या वेळच्या बोलण्याची माफी मागितली, त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं. भावजयीनं सगळं सांगितलं.  एकाच माणसाचं नाव जिवंतांतही घ्यायचं आणि मृतांतही, असं फादरांनी कधी केलं नव्हतं, कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं. मग म्हणाले, "देवाला ठाऊक आहे तो कुठे आहे. आपल्याला नाही. तो बरोबर जागी पोहोचवेल."

महिन्यातला शेवटचा रविवार. आम्ही एका बाकावर बसलो, ती आतल्या बाजूला, मी कडेला. प्रार्थना सुरू झाल्या. देशासाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली. मग समुद्रावर गेलेल्यांसाठी, आणि फादरांनी माझ्या भावाचं नाव घेतलं, तो सुखरूप घरी यावा म्हणून. सगळं चर्च म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. भावजय मोठ्यानं म्हणाली. मीही म्हटलं. मनापासून म्हटलं, काय हरकत आहे, तो आला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार.

मग मृतांसाठी. त्या तरुण खलाशाचं नाव. आणि त्याच्यामागून माझ्या भावाचं.

ज्याच्यासाठी मी दोन महिने भांडले, फादरांना बोलले, हिला बोलले, ते हे. सगळे उत्तर देत होते. मला तोंड उघडता येईना. ते शब्द लहानपणापासून मी हजारो वेळा म्हटलेत, झोपेतही म्हणेन. पण ओठ हलेनात. मी म्हटलं की तो खरंच गेला असता. मी पुढच्या बाकाची कड धरून ठेवली.

आणि माझ्या शेजारून, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटीचा आवाज आला. हळू. हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. भावजयीनं म्हटलं. माझ्याऐवजी म्हटलं की स्वतःसाठी, ते मी तिला कधी विचारलेलं नाही.

मी तिच्याकडे बघितलं नाही. सगळे उभे राहिले, तिनं माझा दंड धरून मला उभं केलं.